परातीवरचं नाव

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची म्हणून मला नोकरीवर ठेवलं आहे, आणि घरी आल्यावरही ती सवय उतरत नाही, नवऱ्याला विचारा. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की कशालाही हात लावायच्या आधी ते जसं आहे तसं टिपून ठेवायचं. वीस वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवते आहे. आणि एका रविवारी दुपारी न्यू जर्सीतल्या माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच सिंकमध्ये, मी एका बाईच्या आईचं नाव घासून काढलं. आधी फोटो काढला नव्हता.

परात मावशींची होती. मावशी रक्ताच्या नात्यातल्या नव्हेत. शेजारच्या आयसेलिन गावात वाणसामानाच्या दुकानात, पोह्यांच्या पिशव्यांसमोर आमची ओळख झाली. ऐंशी ओलांडलेली, सुती साडीवर मुलाचं जाड जाकीट घातलेली एक ठेंगणी बाई दुकानातल्या माणसाला मराठीत झापत होती, की जाडे पोहे असं लिहिलेल्या पिशवीत पातळ पोहे भरता, गिऱ्हाईक आंधळं समजता का? तो बिचारा गुजराती. मी मध्ये पडून मागच्या फळीवरून जाडे पोहे काढून दिले.

“तू आपल्यातली का गं?” त्यांनी विचारलं.

“मी नागपूरची.”

“मग आपल्यातलीच की.”

आडनाव गावाचं, शेवटी ‘कर’, बोलणं अलिबागकडचं. मी मनातल्या मनात त्यांची जात लावून मोकळी झाले. आपण लावतोच. ती साफ चुकली होती हे कळलं गणपतीत. आरतीला बोलावलं तर आल्या, पण हॉलच्या दाराशी खुर्ची ओढून बसल्या. मोदक तीन खाल्ले. टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, “आमच्यात मूर्ती नसते, बाय. आम्ही बेने इस्राएल. ज्यू म्हणतात ना, ते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे.” हे सांगताना त्यांनी चौथा मोदक घेतला.

त्यानंतर सहा वर्षं आमचं येणंजाणं चाललं. मावशी मुलाबरोबर राहायच्या. मुलगा माझ्याहून मोठा, चांगला माणूस, पण शाळेत असतानाच इथे आलेला. आई मराठीत बोलायची आणि तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. दोन नाती होत्या, त्यांना मराठी कळतही नव्हतं. मावशी मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध घालायच्या, कारण त्यांच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही, आणि मी गेले की माझ्यासाठी वाटी झाकून ठेवायच्या. घरात काही चांगलं घडलं की मलिदा करायच्या. जाडे पोहे भिजवायचे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं रचायची आणि त्यांच्या नबीची, म्हणजे प्रेषिताची, प्रार्थना म्हणायची. तो मलिदा त्या एका पितळी परातीतच व्हायचा. ती परात त्यांच्या आईला तिच्या लग्नात तिच्या आईने दिलेली होती.

मग मुलाने घर विकून लहान जागेत जायचं ठरवलं. स्वयंपाकघर आवरताना मावशींनी नातींना विचारलं, परात कोण घेतं? धाकटी म्हणाली, “इट्स ब्यूटिफुल, बट व्हेअर वुड आय पुट इट?” मावशी मला म्हणाल्या, “मी गेल्यावर ही भंगारात जाणार.”

मला भलत्या वेळी शहाणपण सुचतं. मी म्हटलं, “मावशी, शहरात ज्यू लोकांच्या इतिहासाचं म्युझियम आहे. त्यांना द्या. तुमचीच माणसं ती, जिवापाड जपतील.”

“वापरतील?”

“जपतील,” मी म्हटलं.

मुलाने ईमेल पाठवला, परातीचे फोटो पाठवले. सगळे वरून काढलेले; परात गोल आहे एवढंच त्यात कळत होतं. म्युझियमचं उत्तर आलं की आनंदाने घेऊ, आणि खाली एक ओळ होती: कृपया वस्तू स्वच्छ करू नये.

ती ओळ मी स्वतः वाचली. मुलाने मला ईमेल फॉरवर्ड केला होता. मी वाचली आणि मावशींना वाचूनही दाखवली, आणि आम्ही दोघी हसलो. लग्नपत्रिकेवर छापतात ना, कृपया आहेर आणू नये. म्हणून कोणी हात हलवत जातं का? समोरच्याने नको म्हणायचं आणि आपण करायचं, ही रीत. “उगाच त्रास नको म्हणून लिहिलंय बिचाऱ्यांनी,” मावशी म्हणाल्या. “पण कळकट भांडं कसं द्यायचं दुसऱ्याच्या घरी? माझे हात चालत नाहीत आता. तू लख्ख कर बाय.”

माझ्या भांडी घासण्यावर माझा फार विश्वास. आईने लहानपणी चिंच आणि मीठ लावून पितळ असं घासायला लावलं आहे की तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर परत घास.

परात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात आणली तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो, फक्त जे आठवायला हवं तेवढंच आठवत नाही. मावशींनी चष्मा चढवला, परात उभी धरली आणि बाहेरच्या काठावरची टिंबाटिंबांनी कोरलेली ओळ बोट ठेवून वाचली. चि. सौ. कां. अमुक हिस आईकडून सप्रेम. अमुक हे मी आत्ता लिहिते आहे. तिथे नाव होतं. मावशींनी ते मोठ्याने वाचलं.

“हे तिचं माहेरचं नाव,” त्या म्हणाल्या. “लग्नात सासूने बदललं. त्यानंतर या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. वडलांनी नाही, कोणी नाही. मला वाचायला येऊ लागलं तेव्हा मी ह्या परातीवर वाचलं, आणि आईला विचारलं, ही कोण? तर म्हणाली, होती एक.”

मी पाठमोरी होते. चिंच कुठे ठेवली ते शोधत होते. मी “हो का,” म्हटलं. नुसतं “हो का.” नाव माझ्या कानावर पडलं आणि मी चिंचेची बरणी काढली.

चिंच-मिठाने बाकी सगळं निघालं. एक हिरवा डाग राहिला, कळकलेला, रुपयाएवढा, ओळीच्या मधोमध. नखाने खरवडला, पावडर लावली, मग तारेची घासणी घेतली. पाच मिनिटं जोर लावला आणि डाग गेला. परात अशी लखलखायला लागली की मावशींनी दोन्ही हात गालाला लावले. तेव्हा मी फोटो काढले, चार, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. त्या फोटोंत चमक दिसते. दुसरं काही दिसत नाही. कोरीव टिंबं उथळ होती. त्यांच्यात शंभर वर्षांचा मळ बसला होता म्हणून अक्षरं काळी दिसत होती. मी मळ काढला. आणि जिथे डाग होता तिथे टिंबंही काढली.

म्युझियमला देताना मावशींनी परातीत मूठभर साखर घातली, कारण रिकामं भांडं कोणाला देऊ नये. तिथल्या बाईंनी हातमोजे घालून परात घेतली, साखर पाहिली, फार गोड हसल्या आणि साखर कचऱ्याच्या डब्यात ओतली. कीड लागते म्हणाल्या. मावशी डब्याकडे बघत राहिल्या. परतताना गाडीत मला म्हणाल्या, “जाऊ दे, त्यांची रीत वेगळी.”

याला दोन वर्षं झाली. मावशींना मध्ये पक्षाघाताचा लहानसा झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही सावरलं, पण काही शब्द गेले. मला हाक मारताना कधी माझ्या नावाऐवजी नुसतं “बाय” राहायचं. आणि मग या फेब्रुवारीत पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर स्पष्ट बोलले, इथे बोलतातच.

त्यांच्यात रीत अशी, की आजारी माणसासाठी शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना करतात आणि त्यात आजाऱ्याचं नाव घेऊन पुढे त्याच्या आईचं नाव घेतात. बापाचं नाही, आईचं. हे मला मावशींनीच सांगितलं. मावशी सिनेगॉगला मशीद म्हणायच्या, त्यांच्या गावाकडे तसंच म्हणत. इथल्या सिनेगॉगची धर्मगुरू एक तरुण बाई होती. तिने फोनवर विचारलं, आईचं नाव काय?

मावशींनी सासरचं नाव सांगितलं नाही. “ते तिचं नाव नव्हे,” म्हणाल्या. “खरं सांगते, थांब.” आणि थांबल्या. नाव येईना. मग फोन मुलाच्या हातात दिला.

मुलगा म्हणाला, “आई, जस्ट गिव्ह देम द नेम एव्हरीबडी यूज्ड.”

“नाही.”

“व्हाय नॉट?”

“त्या नावाने तिला फक्त कामं सांगितली रे,” मावशी म्हणाल्या. “पाणी आण, पोळ्या लाट, पाय चेप. बाळंत होऊन दहा दिवस नाही झाले तर त्याच नावाने हाका. तिला ते नाव ऐकून धडकी भरायची. देवाने तिला ओळखावं तर तिच्या आईने ठेवलेल्या नावाने ओळखावं. ते परातीवर आहे.” आणि माझ्याकडे वळल्या. “तुला मी वाचून दाखवलं होतं ना बाय? तुला आठवत असेल.”

मी आठवायचा इतका प्रयत्न केला की डोकं दुखायला लागलं. चिंचेची बरणी आठवली. खिडकीतली कोथिंबीर आठवली. पहिलं अक्षरसुद्धा नाही.

मुलाने इस्राएलमधल्या एका मामेबहिणीला फोन लावला. तिला सासरचं नाव ठाऊक होतं, माहेरचं असं काही वेगळं होतं हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असेल ती माणसं कधीच गेली. राहिली परात. मी म्युझियमला लिहिलं, ऑपरेशनचं सांगितलं, आणि त्यांनी तीन दिवसांत वेळ दिली. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दोष द्यायला मला तिथे कोणी सापडलं नाही.

गुरुवारी मी सुट्टी टाकली. मुलाला मीटिंग होती, ती त्याने कॅन्सल केली, मग परत ऑन झाली, मग मी म्हटलं, “राहू दे, मी ड्राइव्ह करते.” मावशींनी लग्नाकार्याची साडी नेसली होती. पोटाच्या दुखण्याने त्यांना सीटबेल्ट सहन होत नव्हता, म्हणून बेल्टखाली उशी धरली. दीड तासात त्या तीनदा म्हणाल्या, “एकदा दिसलं की आठवेल.” मी तीनदा “हो” म्हटलं. मला तेव्हा तो हिरवा डाग आठवत होता. तो कुठे होता हे मला नक्की ठाऊक होतं आणि मी स्वतःला सांगत होते की मला नक्की ठाऊक नाही.

म्युझियमच्या दाराशी काँक्रीटचे ठोकळे, मग पहारेकरी, त्याच्या कमरेला पिस्तूल, मग विमानतळावर असते तशी कमान. मावशींची पर्स उलटी केली. त्यातून आल्याच्या गोळ्या, रुमाल, औषधांची डबी, चष्म्याचं घर निघालं. मावशींनी हात वर केले. “एवढं कोणाला भितात?” त्यांनी मला विचारलं. “आमच्या गावात आमच्या मशिदीला कडी नव्हती,” त्या म्हणाल्या. “बाजूच्या मराठ्याची म्हैस यायची आत.” पहारेकऱ्याने पर्स परत दिली आणि त्यांना ‘यंग लेडी’ म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

त्या बाई आम्हाला घ्यायला आल्या, साखर ओतणाऱ्या त्याच. परात वरच्या मजल्यावर, सगळ्या दालनांच्या शेवटी होती. मावशींना व्हीलचेअर दिली आणि मी ढकलत निघाले. जहाजातून उतरलेल्यांच्या पेट्या पाहिल्या, शिवणयंत्रं पाहिली, एका बेकरीची पाटी, एका मुलाचा पहिलीचा दाखला. मावशी सगळीकडे मान हलवत होत्या, पाहुणे म्हणून गेल्यावर हलवतो तशी. ओळखीचं काही लागत नव्हतं. त्यांच्यासारखं दिसणारं एकही माणूस कुठल्या फोटोत नव्हतं.

मग एका अंधाऱ्या खोलीत आलो. तिथे भिंतभर नावं होती. युरोपातल्या एका गावची सगळी माणसं, जी मारली गेली. बाई हळू आवाजात सांगत होत्या की या गावात मागे कोणीच उरलं नव्हतं, यादीही जाळली होती; पुढे लोकांनी पत्रं, शाळांच्या वह्या, दुकानांच्या पावत्या धुंडाळून एकेक नाव परत मिळवलं. तान्ह्या मुलांचीसुद्धा.

मी मावशींना मराठीत सांगितलं. मावशींनी खुर्ची थांबवायला लावली. खालपासून वरपर्यंत बघितलं. “सगळी सापडली?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक सगळी.”

“पुण्य आहे हो,” त्या म्हणाल्या. “मग आपलं एक का नाही सापडणार?”

मला तिथे उभं राहवेना. या लोकांची नावं पुसायला सैन्य आलं होतं, तरी ती परत लिहिली गेली. मावशींच्या आईचं नाव कोणीही वैरी नसताना गेलं, चिंच-मीठ लावून, मायेने, आणि मैत्रिणींनी अंगठे पाठवले. मला रडू आलं ते त्या बाईंना वाटलं भिंतीमुळे आलं. त्यांनी मला कागदी रुमाल दिला. मी घेतला. त्यांची समजूत मी मोडली नाही, आणि तेवढ्यासाठीही मला माझी लाज वाटते.

परात शेवटच्या दालनात काचेच्या कपाटात होती. शेजारी काळपटलेली चांदीची शमादानं, एक डागाळलेला प्रार्थनेचा शेला, एक तडा गेलेली बशी. मधोमध आमची परात, नवी कोरी वाटावी अशी. खाली पाटी: पितळी परात, पश्चिम भारत. काठावर मराठी मजकूर. व्यक्तीचे नाव वाचता येत नाही.

मावशींना इंग्रजी पाटी वाचता आली नाही. त्यांचं लक्ष परातीकडे होतं. “बघ,” त्यांनी माझा हात दाबला. “सगळ्यांत आपलंच भांडं कसं लख्ख आहे. बाकीच्यांनी घासलीसुद्धा नाहीत. तुझे हात सोन्याचे गं बाय.”

बाईंनी कपाट उघडून परात शेजारच्या खोलीतल्या टेबलावर नेली. मावशींना पांढरे हातमोजे दिले. “मोजे घालून आईला हात लावायचा?” मावशी मला म्हणाल्या, पण घातले. परातीच्या काठावरून बोट फिरवलं. मग चष्मा चढवला, जवळ वाकल्या, आणखी वाकल्या. पोट दुखत होतं, तरी वाकल्या.

“अक्षरं कुठे गेली?”

बाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि लहान विजेरी टेबलाला समांतर, आडवी धरली. तशा उजेडात बारीक खड्डेही सावली धरतात. आणि अक्षरं उठली, खरोखर उठली. चि. सौ. कां. मी मोठ्याने वाचलं. मावशी माझ्यामागून म्हणाल्या, “चि. सौ. कां.” मग उजेड पुढे सरकला. शेवटी ‘हिस आईकडून सप्रेम’ स्पष्ट होतं. मधल्या दोन बोटं जागेत काही नव्हतं. काही नव्हतं असंही नाही. आडवेतिडवे बारीक ओरखडे होते, शेकडो, एकावर एक. तारेच्या घासणीचे. बाईंनी विजेरी इकडून धरली, तिकडून धरली, भिंग लावलं, फोटो काढून संगणकावर मोठा केला. त्यांनी पाऊण तास घालवला. मग त्यांनी नोंदवही उघडून मला इंग्रजीत सांगितलं, की वस्तू आली तेव्हाच नुकतीच घासलेली होती, धातूचा थर निघालेला आहे, त्यामुळे त्याखाली शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. फार सभ्यपणे सांगितलं. कोणी घासली असं त्यांनी विचारलं नाही.

“काय म्हणते?” मावशींनी विचारलं.

“जुनी आहे म्हणतात. झिजली.”

मावशींनी मोजा काढला आणि उघड्या बोटाने ती मधली जागा चाचपली. बाईंनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं, तेवढं त्यांनी केलं आमच्यासाठी. मावशींचे ओठ हलत होते. एक नाव म्हणून बघितलं, नाही म्हटलं. दुसरं म्हणून बघितलं, त्यालाही नाही म्हटलं. चौथ्या-पाचव्या नावानंतर थांबल्या आणि मला म्हणाल्या, “तू सांग ना एखादं. ऐकलं की कळेल मला.”

मी आमच्या आज्यांची, पणज्यांची, शाळेतल्या बाईंची नावं सांगितली. सगळ्या नावांना त्यांनी नीट कान दिला. मग त्या दमल्या.

परतताना रहदारी होती. मावशी उशी धरून डोळे मिटून बसल्या होत्या. टोलनाक्याच्या अलीकडे मी बोलले. मला गप्प बसायला जमत नाही, आणि गप्प बसायचा माझा हक्कही नव्हता. “मावशी, झिजली नाही ती. तो हिरवा डाग नावावर होता. मी तारेने घासला. मी घालवलं नाव.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “ठाऊक आहे मला,” म्हणाल्या. “मी तिथेच होते की. मीच म्हटलं होतं लख्ख कर.” मग उशी सारखी करत, “त्यांनी लिहून कळवलं होतं, नको म्हणून. आपण हसलो.”

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी आम्ही तिघं सिनेगॉगमध्ये गेलो. मी बाहेरची, म्हणून मागच्या बाकावर बसले. आजाऱ्यांची प्रार्थना आली तशी धर्मगुरूने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली, अमकी, अमकीची मुलगी, अमका, अमकीचा मुलगा. मावशींना वाटत होतं की आईचं नाव सापडलं नाही तर नुसतं त्यांचं घेतील. पण मुलाने शुक्रवारी फोन करून सासरचं नाव देऊन टाकलं होतं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईचं ऑपरेशन मंगळवारी होतं आणि त्याला प्रार्थना पुरी व्हायला हवी होती. धर्मगुरूने मावशींचं नाव घेतलं आणि पुढे ते नाव, माईकवरून, गोड आवाजात. सगळे आमेन म्हणाले. मावशींच्या मानेला झटका बसलेला मला मागून दिसला. त्या आमेन म्हणाल्या नाहीत.

मुलगा गाडी आणायला गेला, तेव्हा आम्ही दोघी पायरीवर थांबलो होतो. मावशींनी माझ्या दंडाला धरलं होतं.

“त्याच नावाने हाक मारली गं तिला,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी जरा निजली असेल. आता उठून आली असेल धडपडत, हात पुसत. काय काम आहे विचारायला.”

मंगळवारी ऑपरेशन झालं. मावशी शुद्धीवर आल्या नाहीत. दफनाच्या आधी मुलाने कागद माझ्यापुढे सरकवला, दगडावर कोरायचा मजकूर नीट आहे ना बघ म्हणून, कारण चुका मी चांगल्या पकडते हे त्याला ठाऊक होतं. दगडावर अमक्याची मुलगी असं बापाचं नाव लावतात. ते त्याला पाठ होतं, नातींनाही पाठ होतं, मलासुद्धा. मी तो मजकूर तीनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.